वेणुम, वेणाम

मकरंद साळव्यांनी देवाचा एक पैसा कधी बुडवला नाही, आणि एक पैसा कधी जास्तही दिला नाही. पेन्शन खात्यात पडलं की आधी प्राप्तिकर वजा, मग विम्याचा हप्ता वजा, आणि उरलेल्याचा दहावा हिस्सा चर्चला. एकदा महागाई भत्त्याची थकबाकी आली, तेव्हा तिच्यावर दशमांश लागतो की नाही याचा त्यांनी बरेच दिवस खल केला. थकबाकी म्हणजे उत्पन्न नव्हे, उशिरा मिळालेला न्याय, असा निकाल त्यांनी अखेर स्वतःच्या बाजूने लावून घेतला.

चर्चच्या दारात आता क्यूआर कोड लावला होता. साळवे तो स्कॅन करत, टीप लिहायच्या जागी ‘दशमांश’ असं लिहीत आणि मोबाइल खजिनदारापुढे धरून विचारत, “पोचलं का बघा.” उजवा हात देतो ते डाव्याला कळू नये म्हणतात. साळव्यांच्या डाव्या हातातच मोबाइल असायचा, मग त्याला न कळून कसं चालेल.

“देवाकडून पोचपावती घेणारे तुम्ही पहिलेच,” त्यांची बायको विद्युलता म्हणायची.

“हिशोब असावा माणसाचा.”

“माणसाचा असावा हो. देवाचा कशाला ठेवताय?”

मूळचे नगरचे. रेल्वेच्या हिशोबखात्यात लागले ते बदलीवर चेन्नईला आले आणि तिरुवल्लिकेणीत फ्लॅट घेतल्यामुळे निवृत्तीनंतरही तिथंच राहिले. तिथल्या जुन्या तंजावरी मराठी मंडळींना साळवे चर्चला जातात याचं नवल वाटायचं, आणि चर्चमधल्या तमिळ मंडळींना ते मराठी बोलतात हे कधी नीट कळलंच नाही. उत्तरेकडून आलेला, हिशोबी आणि गोरा नसला तरी जाडसर, म्हणून त्यांनी त्यांचं नाव ‘सेट्टु’ ठेवलं होतं. तिकडे व्याजबट्टा करणाऱ्या मारवाड्याला सेट्टु म्हणतात. जन्मभर दुसऱ्याच्या पैशाची बेरीज केलेल्या माणसाला सावकार म्हणवून घ्यावं लागलं. मागच्या बाकावर, पंख्याखाली, विद्युलतेच्या शेजारी बसून साळव्यांनी ते वर्षानुवर्षं ऐकून घेतलं.

मग चर्चच्या व्यासपीठाला वाळवी लागली. चिटणीस ज्ञानशिखामणींनी उपासनेनंतर जाहीर केलं, की नवं सागवानी व्यासपीठ करायचं आहे; संपूर्ण खर्च एकच कुटुंब उचलणार असेल तर त्याच्या नावाची पितळी पाटी दर्शनी लावली जाईल. आणि मागच्या बाकावरून सेट्टुचा हात वर गेला.

खोटं कशाला बोला, त्या क्षणी साळव्यांना खरोखर आनंद झाला. दहाव्या हिश्शाच्या पलीकडे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं. माना मागे वळल्या, कुणीतरी त्यांना ‘साळवे सार’ म्हटलं. त्या आठवड्यात त्यांनी भाजीवाल्याशी घासाघीस केली नाही. एक ठेव चर्चच्या हंगामाच्या सणाच्या आसपास पिकणार होती, ती त्यांनी देवाच्या नावे धरून टाकली, आणि पाटीचा मजकूर तयार करायला बसले. तमिळ, इंग्रजी आणि खाली मराठी. ‘देवाच्या गौरवार्थ’ बारीक अक्षरात, नाव ठळक. मसुदा बरेचदा बदलला, पण बदल सगळे नावाच्या बाजूचे होते.

अशात नगरहून आक्का आली.

अन्नपूर्णाबाई ही साळव्यांची थोरली बहीण. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा ती मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. पगार द्यायची वेळ आली तेव्हा तिने तिथल्या मॅडमना सांगितलं, की मला पगार नको, माझ्या भावाला इथं ठेवून घ्या आणि त्याची फी भरा. मॅडमना तो व्यवहार सोयीचा वाटला. साळवे शिकले, परीक्षा पास झाले, रेल्वेत लागले. आक्का पुढेही पोरींच्या भाकऱ्या थापत राहिली. सुरुवातीची सगळी वर्षं पगाराच्या रकान्यात रेघ होती, त्यामुळे म्हातारपणी हातात आलं ते बेताचंच. लग्न राहून गेलं. ते का, हे तिला कुणी विचारलं नाही, भावानेही नाही.

आता तिला चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. नगरच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं. चेन्नईला मोठी इस्पितळं आहेत आणि भाऊही आहे, म्हणून शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ आणि कागदांची पिशवी घेऊन ती आली. इथल्या डॉक्टरने तपासून सांगितलं, की झडप बदलावी लागेल. पुढच्या नाताळला घरी केक कापायचा असेल तर लांबवू नका. खर्चातला निम्मा तिच्यापाशी होता. उरलेला निम्मा, योगायोग असा, की जवळजवळ व्यासपीठाएवढा होता.

चर्चमध्ये मात्र आक्का पहिल्याच रविवारी रुजली. थोरल्या बहिणीला तमिळमध्येही आक्काच म्हणतात, त्यामुळे तिला सगळ्यांनी परस्पर बहीण करून टाकलं. सेट्टुला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते तिला एका शब्दावर फुकट मिळालं.

बाकी तमिळचं तिचं जमेना. विद्युलतेने तिला दोनच शब्द शिकवले होते.

“हे बघा आक्का, वाढणारा विचारतो ‘वेणुमा?’ म्हणजे हवं का? हवं असेल तर म्हणायचं वेणुम. नको असेल तर वेणाम.”

“वेणुम, वेणाम,” आक्का घोकायची. खाणावळीत केळीच्या पानावर बसली आणि सांबाराची बादली समोर आली, की मात्र उलटं व्हायचं. पोट भरलं म्हणून ती जोरात वेणुम म्हणायची आणि पानावर सांबाराचा पूर यायचा. ताक हवं असायचं तेव्हा वेणाम म्हणायची आणि ताकवाला पुढे निघून जायचा.

“हवं आणि नको यांच्यात एवढंच अंतर ठेवलंय होय यांनी?” ती म्हणायची. “एका उकाराचं? आपल्याकडे निदान शब्द तरी वेगळा.”

“अगं, सोपं आहे,” साळवे हसत हसत सांगायचे. “णाम, म्हणजे ना. ना म्हणजे नको.”

“णाम म्हणजे ना कसं? नाम म्हणजे देवाचं नाव. देवाचं नाव कुणी नको म्हणतं का मक्या?”

ती खूण तिच्या डोक्यात जी बसली ती बसली. वेणाम म्हणजे हवं. सगळे हसले. साळवेही पोट धरून हसले, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

हसून झाल्यावर खर्चाचा प्रश्न तिथंच होता. साळव्यांकडे पैसे नव्हते असं नाही, पण त्यांचे पैसे हेडखाली, म्हणजे ज्या त्या खर्चाच्या ठरलेल्या खात्याखाली, होते. लेकीच्या, प्राचीच्या, लग्नाचं हेड, इमारतीच्या दुरुस्तीचं हेड, दोघांच्या आजारपणाचं हेड, देवाचं हेड. एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला लावायचा नाही, हे रेल्वेने त्यांच्या हाडात भिनवलं होतं. आक्का नावाचं हेड त्यांनी कधी उघडलंच नव्हतं.

“व्यासपीठाचे आहेत ना,” विद्युलता म्हणाली.

“ते देवाचे.”

“अजून बँकेत आहेत. बँक कधीपासून देवाची झाली?”

“शब्द दिलाय मी, विद्या. भर मंडळीत दिलाय.”

“आक्कांनी तुम्हाला काय दिलं होतं? त्यांनी शब्द नाही दिला. ताट दिलं.”

“मी नाही कुठं म्हणतोय? नगरला एखाद्या सरकारी योजनेत बसतंय का बघू.”

“देवाला वाहिलंय असं सांगून आईबापाच्या तोंडचा घास काढणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला होता हो? तुम्हीच पोरांना शिकवता शनिवारच्या बायबलवर्गात.”

“त्याचा संदर्भ वेगळा आहे.”

“असणारच. आपल्यावर आलं की संदर्भ वेगळाच असतो.”

आक्का पलीकडच्या खोलीत मुरुंगाईचा, म्हणजे शेवग्याचा, पाला निवडत बसली होती. तिला ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. संध्याकाळी विद्युलता शेजारी जाऊन बसली तेव्हा ती म्हणाली, “मक्याला जड जातंय का गं?” विद्युलतेने पाल्याची एक जुडी आपल्या पुढ्यात ओढली. मग आक्का पाल्याकडे बघतच म्हणाली, “मागायला लाज वाटते. पण मला एवढ्यात मरायचं नाही गं. आत्ता कुठं चूल सुटलीय.”

दुसऱ्या दिवशी विद्युलतेने ही गोष्ट अय्यरांच्या बायकोच्या कानावर घातली.

अय्यर म्हणजे पाळक. तिकडच्या मंडळ्यांत पाळकाला अय्यर म्हणायची जुनी रीत आहे, जातीशी तिचा संबंध नाही. हे देवसगायम अय्यर किरकोळ अंगाचे, सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांनी साळव्यांना बोलावून घेतलं आणि तमिळमध्ये म्हणाले, “साळवे सार, वाळवी व्यासपीठाला लागलीय, मला नाही. माझं वजन ते अजून पाच वर्षं पेलेल. पैसे तुमच्या आक्काला द्या. देवाला दिल्यासारखंच आहे. समितीला मी सांगतो.”

“आणि पाटी?” साळव्यांच्या तोंडून निघून गेलं.

अय्यरांनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. “झडपेवर पाटी लावत नाहीत, सार.”

साळवे वरमले. मग म्हणाले, “तसं नाही, अय्या. आक्का घ्यायची नाही. फार स्वाभिमानी आहे.”

“मग मीच विचारतो तिला. सणाच्या दिवशी, सगळ्यांच्या आशीर्वादाने. हो म्हणाली तर तिचे. नको म्हणाली तर व्यासपीठ.”

साळव्यांनी मान डोलवली. आक्का हो म्हणणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी येताना त्यांनी मनाशी व्यासपीठाला निरोप देऊन टाकला, आणि पाटीच्या मसुद्याचा कागद मात्र घडी घालून परत खिशात ठेवला.

हंगामाच्या सणाला चर्चचं आवार बाजारासारखं दिसतं. जो तो आपल्या घरचं पहिलं फळ आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. तिथं भावाला काही धरबंध नसतो, आणि नसावा अशीच रीत आहे. नारळ हजारात जातो. घेणारा तो परत देवाला देतो, मग तोच पुन्हा लिलावात येतो. मी तुझ्या भोपळ्यावर बोली चढवली, तर तू माझ्या केळीच्या घडावर चढवायची, असाही एक अलिखित व्यवहार त्यात असतो, आणि तो देवाला कळत नसेल असं मानण्याइतका तिथं कुणी भोळा नसतो. शेजारच्या मॅन्शनांतले, म्हणजे भाड्याच्या खोल्यांतले, एकटे राहणारे बाप्ये सज्जांवर उभे राहून हे फुकटात बघतात आणि नंतर बिर्याणीला खाली उतरतात.

विद्युलता पुरणपोळ्या घेऊन मागच्या मांडवात होती. तिकडे त्यांना बोळी म्हणतात. तिच्यापुढे बायकांची रांग लागली होती आणि ती मान वर करू शकत नव्हती. इकडे पायऱ्यांपाशी लिलावाचं सामान मांडलेलं होतं. फणस, सुरण, लिंबाची परडी, आणि पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा. ज्ञानशिखामणी माइकची फुंकर मारून परीक्षा घेत होते.

अय्यरांनी आक्काला आणि साळव्यांना बाजूला घेतलं. साळव्यांनी चर्चच्या नावाने दिलेला चेक त्यांच्या हातात होता. त्यांनी तो आक्कापुढे धरला, मग बोट तिच्या छातीकडे नेलं आणि लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश म्हणाले, “आक्का. इदु उंग ऑपरेशनुक्कु. वेणुमा?”

मग साळव्यांकडे वळून म्हणाले, “तुम्ही सांगा त्यांना नीट.”

साळव्यांनी तोंड उघडलं. आक्काने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. “थांब रे. एवढं कळतं मला. मी सांगते.”

तिने दोन्ही हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. इतक्या दिवसांत शिकलेली परकी भाषा पहिल्यांदाच कामाला येत होती, आणि तीही अशा कामाला.

“वेणाम, अय्या,” ती म्हणाली. “वेणाम.”

अय्यर थबकले. त्यांनी पुन्हा विचारलं, “खरंच वेणामा?”

आपलाच शब्द परत आलेला ऐकून आक्काने जोरजोरात मान हलवली. “वेणाम, वेणाम.”

अय्यरांनी साळव्यांकडे पाहिलं. “सार, त्या समजून बोलतायत ना?”

साळव्यांना फक्त एक उकार सांगायचा होता. त्याला पैसा पडत नव्हता, की कुठल्या हेडची मंजुरी लागत नव्हती. तेवढ्यात त्यांचा हात खिशाकडे गेला आणि घडी घातलेला कागद बोटांना लागला.

“तिचं मन फार मोठं आहे, अय्या,” ते म्हणाले.

वाक्य खोटं नव्हतं. हिशोबखात्यात असं वाक्य तपासणीत पास होतं. कोंबडा बघत होता. पेत्राने प्रभूला नाकारलं त्या वेळी तो आरवला होता म्हणतात. या कोंबड्याची चोच उकाड्याने उघडी पडली होती आणि त्याला स्वतःचंच पडलं होतं.

अय्यरांनी माइक हातात घेतला. ते मंडळीला सांगू लागले. या आक्कापाशी स्वतःचं असं काही नाही, तिच्या छातीतलं यंत्र बिघडलंय, आणि तरी आत्ता ती हात जोडून नको म्हणाली, डोळ्यांत पाणी आणून, देवाच्या घरासाठी. देणं कशाला म्हणतात ते आज मला माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्षांपेक्षा जास्त कळलं. असं बरंच काही. आवारात टाळ्यांचा कडकडाट झाला. ‘स्तोत्रम, स्तोत्रम’ करत बायका पुढे आल्या, आक्काचे हात उचलून डोळ्यांना लावू लागल्या. मॅन्शनच्या सज्जावरचे बाप्येसुद्धा टाळ्या वाजवत होते.

आक्का सगळ्यांना वाकून वाकून नमस्कार करत होती. “काय माणसं आहेत रे मक्या,” ती म्हणाली. “ओळख ना देख. आपलं कुणी मरायचं वाचलं असं करतायत.”

साळवेही टाळ्या वाजवत होते. दुसरं काय करणार.

ज्ञानशिखामणींनी परडीतलं एक लिंबू उचललं आणि आक्काच्या सन्मानार्थ म्हणून लिलावाला काढलं. ओरु तरम, रेंडु तरम, मूनु तरम. त्या लिंबाला त्या दिवशीचा सगळ्यात मोठा भाव आला. पैसे चर्चच्या निधीत गेले आणि लिंबू आक्काच्या हातात आलं.

विद्युलता रिकामे डबे घेऊन घरी पोचली ती तणतणतच. तिला बायकांकडून सगळं कळलं होतं. आक्का खाली बसून इस्पितळात न्यायची पिशवी भरत होती. दोन लुगडी, टॉवेल, तपासण्यांचे कागद, आणि वर ते लिंबू.

“आक्का, कशाला नको म्हणालात हो? एवढा मोठेपणा कुणाला दाखवायचा होता?”

“नको?” आक्काने वर पाहिलं. “मी कुठं नको म्हटलं?”

“सगळ्या मंडळीसमोर. अय्यरांना.”

“अगं, हवे म्हटले. दोनदा विचारलं त्यांनी, दोन्हीदा म्हटले. वेणाम म्हटलं.”

विद्युलता डबे घेऊन तशीच उभी राहिली. खाली कुठूनतरी मल्लीपूवाल्या फुलकरणीची आरोळी आली आणि गेली.

“वेणाम म्हणजे नको, आक्का.”

आक्काने ओठातल्या ओठात दोन्ही शब्द म्हणून बघितले. मग तिचे डोळे भावाकडे गेले. साळवे खिडकीपाशी पेपर धरून बसले होते.

“तुला येतं ना रे तमिळ,” ती म्हणाली.

“एवढ्या माणसांत... सगळे टाळ्या वाजवायला लागले, आक्का. मध्येच कसं—”

“टाळ्या नंतर वाजल्या.”

साळव्यांनी पेपरची घडी घातली. मग उलगडली. “मला वाटलं, तुझी तशी इच्छा असेल. मनात आलं असेल तुझ्या.”

“माझ्या मनातलं तुला कळतं होय?” आक्काचा आवाज चढला नव्हता. वसतिगृहात भाकरी कमी पडली की ती पोरींशी याच आवाजात बोलायची. “मग ते ताकवाल्याच्या वेळी कसं नव्हतं कळत? तेव्हा तर लगेच सांगायचास, आक्का, चुकलीस म्हणून. हसायचास.”

विद्युलतेने डबे ठेवले, चपला घातल्या. आक्का म्हणाली, “जाऊ नकोस. त्या बायांनी माझे हात डोळ्याला लावलेत.” विद्युलता तरीही अय्यरांकडे गेली.

सकाळी देवसगायम अय्यर स्वतः आले. रात्रीत त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आल्या आल्या आक्कापुढे हात जोडले, मग खिशातून तो चेक काढला आणि साळव्यांसमोर फाडला. “नवा लिहा, सार. आक्काच्या नावाने.”

साळव्यांनी चेकबुक आणलं. बायको बघत होती, अय्यर बघत होते. त्यांनी नाव घातलं, रक्कम अक्षरी आणि अंकी घातली, सही केली. जन्मात पहिल्यांदा एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला जात होता. तो चेक त्यांनी दोन्ही हातांनी बहिणीपुढे धरला, आणि त्यात काही नाटक होतं असं कुणी म्हणू नये.

“घे, आक्का,” ते म्हणाले.

आक्काने चेककडे पाहिलं. मग अय्यरांकडे वळून, त्यांना समजावं अशा बेताने, एकेक अक्षर सुटं करत ती म्हणाली, “वे-णाम.” आणि भावासाठी मराठीत पुन्हा, “म्हणजे नको. आज बरोबर आलं ना?”

“आक्का, जिवाचा प्रश्न आहे,” विद्युलता म्हणाली.

“म्हणूनच. हे पैसे आत बसवले तर ठोक्याठोक्याला मला तेच ऐकू येईल. आणि बाहेर काय सांगायचं? देवाला दिलेलं म्हातारीने रात्रीत परत मागितलं?” ती अय्यरांकडे बघून हसली. “यांना सांग, विद्या, राग नाही म्हणावं. यांनी नीट विचारलं होतं.”

विद्युलतेने स्वतःच्या बांगड्या पुढे केल्या. आक्काने त्या तिच्याच हातात परत चढवल्या.

सेंट्रल स्टेशनवर सोडायला दोघंही गेली. आक्काने खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली. वसतिगृहातल्या जुन्या पोरींना विद्युलतेने फोन केले होते. कुणी नर्स झाली होती, कुणी तलाठी, कुणी नुसतीच संसारात होती. “बघतायत पोरी काहीतरी,” आक्का म्हणाली. “होईल तेवढं होईल. त्यांनी हिशोब ठेवला नव्हता, मीही नव्हता. आता बसल्यात आठवायला, आक्काने कोणाला किती भाकऱ्या जास्त वाढल्या.”

चहावाला खिडकीपाशी आला. “टी, वेणुमा?”

“वेणुम,” आक्का म्हणाली. उकार स्वच्छ होता.

साळव्यांनी घाईने खिशात हात घातला. तोवर तिने लुगड्याच्या सोग्याची गाठ सोडून पैसे दिले होते.

गाडी गेली. मग पैसे हेडप्रमाणे गेले. समितीने ठराव केला, सुताराने सागवान आणलं, आणि नाताळच्या आधी व्यासपीठ उभं राहिलं. ज्ञानशिखामणींच्या सूचनेवरून पाटीवर साळव्यांच्या नावाखाली अन्नपूर्णाबाईंचंही नाव घातलं. साळव्यांना नाही म्हणता आलं नाही. त्यांना आता कुणी सेट्टु म्हणत नाही. पहिल्या बाकावर त्यांची जागा असते.

अय्यर मात्र त्या व्यासपीठावर चढत नाहीत. गुडघे दुखतात म्हणून खालीच उभं राहून उपदेश करतात. पाटी वर एकटी चकाकत असते. तिच्यावरची खालची मराठी ओळ वाचता येणारी माणसं त्या मंडळीत दोनच. त्यातलं एक अजून मागच्या बाकावर, पंख्याखाली बसतं, आणि तिथून ती अक्षरं दिसत नाहीत.